हडंब्यात हात गेला तर: मजुराने भरपाई कशी मागावी

सोयाबीनची सोंगणी आटोपून गावोगावी हडंबे, म्हणजे मळणी यंत्रं, सुरू झाले, की पंधरा-वीस दिवसांत माझ्या टेबलासमोर बाहीत हात लपवलेला एखादा माणूस येऊन बसतो. यवतमाळकडे वकिली करतो, त्यामुळे हे दरवर्षीचंच. बोलतो तो मेहुणा. "मालक चांगला हाय जी, दवाखान्याचं बिल भरलं. वरून पंचवीस हजार देतो म्हंते. घेऊन टाकावं का?"

पैसे घ्यायचे की नाही ते नंतर. मी आधी विचारतो, कुठं अंगठा दिला का?

कागदावर अंगठा नको. "माझी काही तक्रार नाही" असा स्टँप गावातच, दवाखान्याच्या खाटेवर तयार होतो. भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कर्मचारी भरपाई कायद्याने रद्दच आहे आणि ठोक रकमेची तडजोड भरपाई ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडे नोंदवावी लागते. पण तो कागद खोडून काढण्यात तारखांमागून तारखा जातात. मदत म्हणून मालकाने पैसे दिले तर खुशाल घ्या, फक्त कोऱ्या कागदावर काही करू नका.

दवाखान्यात खरं सांगा. जखमीला घेऊन जाणारा बहुतेकदा मालकाचाच माणूस असतो. पोलिसांचं लफडं नको म्हणून तो "घरी पडला" असं लिहून देतो, आणि पुढे ती एक ओळ अख्ख्या दाव्याला नडते. कोणाच्या शेतात, कोणत्या मशीनवर, किती वाजता हे डॉक्टरांना स्वतः सांगा आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची दवाखान्यातली नोंद, करायला लावा. केसपेपरवर दारूचा उल्लेख आहे का, तेही पाहा. नशेमुळेच अपघात झाला असं ठरलं तर भरपाई बुडू शकते. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर मात्र हा बचाव चालत नाही. उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मागता येतो, म्हणून औषधाच्या चिठ्ठ्या फेकू नका.

ठाण्यात खबर द्या, तिची नक्कल घ्या. आणि त्याच दिवशी कुणाला तरी शेताच्या धुऱ्यावर पाठवून हडंब्याचे, ट्रॅक्टरच्या नंबरचे फोटो काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी मशीन तिसऱ्याच गावात असते, आणि तिच्यावरचं रक्त धुतलेलं असतं.

खरी लढाई इथं आहे. हात तुटला हे कुणी नाकारत नाही. नाकारतात ते एवढंच, की "हा माझ्याकडे कामाला नव्हता, बघायला आला होता." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की लेखी जबाब उघडण्याआधी ते पाठ म्हणून दाखवीन. मजुराकडे ना हजेरीपत्रक, ना पगाराची पावती. मग पुरावा कुठून आणायचा? मुकादमाच्या खिशातल्या डायरीतून, जिथं नावापुढे "४ रोज, २०० उचल" असं पेन्सिलीने लिहिलेलं असतं. फोनपेवर आलेल्या मजुरीतून. आदल्या रात्री "सकाळी सहाला ये" म्हणून आलेल्या फोनच्या नोंदीतून. सोबत पोते धरणाऱ्या दोन मजुरांच्या साक्षीतून. पण ते त्याच मालकाकडे परत कामाला जाणार असतात, म्हणून त्यांच्याशी लवकर बोला. रोजंदारीवाल्यालाही हक्क आहे. पूर्वी 'हंगामी मजूर' म्हणून बाहेर ठेवायचे, ती पळवाट २००० च्या दुरुस्तीत गेली. ट्रॅक्टर किंवा विजेच्या यंत्रावरचं शेतकाम कायद्यात येतं, कीटकनाशकाची फवारणीही येते. २०१७ मध्ये आपल्या जिल्ह्यात फवारणीने माणसं गेली, तेव्हा कितीतरी घरांना हे माहीतच नव्हतं. काम ठेकेदाराने घेतलेलं असेल तर ज्याच्यासाठी ते चाललं होतं, त्या मूळ मालकालाही प्रतिवादी करा.

कापसाच्या जिनिंगमधल्या कामगाराने आधी पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापतात का, ते बघावं. कापत असतील तर वाट ईएसआयची, हा दावा चालत नाही.

हिशेब. कायदा मूळ १९२३ चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण हिशेबाची पद्धत तीच आहे. समजा वय ४०, रोज ४०० रुपये, महिन्याचे २६ दिवस: १०,४००. याचे ६० टक्के ६,२४०. चाळिशीचा गुणक, म्हणजे वयाप्रमाणे कायद्यात ठरलेला आकडा, १८४.१७. गुणाकार साधारण ११ लाख ४९ हजार, ही पूर्ण अपंगत्वाची रक्कम. मनगटापासून हात गेला तर कायद्यातल्या इजांच्या तक्त्यात ६० टक्के, म्हणजे सुमारे ६ लाख ८९ हजार. आता पंचवीस हजार आठवा. तक्त्याच्या वरही मागता येतं. डावा हात कोपराच्या वरून गेलेल्या सुताराची कमाईची क्षमता शंभर टक्के गेली, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७५ सालीच मान्य केलंय. मृत्यू झाला तर महिन्याच्या मजुरीचे ६० च्या जागी ५० टक्के धरायचे.

महिन्याच्या आत पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज लागतं, शिवाय ५० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. मालकही कर्जातलाच शेतकरी असतो, हे मला दिसतं. म्हणून मी पहिल्याच भेटीत ट्रॅक्टरची पॉलिसी मागवतो. मजुरांसाठी जादा हप्ता भरलेला असेल तर पैसे विमा कंपनीकडून येतात आणि गावातलं बोलणं-चालणंही टिकतं.

दावा कुठं, कधी. अपघातापासून दोन वर्षांच्या आत. मजूर राहतो त्या जिल्ह्यातही दावा टाकता येतो. मेळघाटातला माणूस पुण्यात इमारतीवरून पडला तरी अमरावतीत दाद मागू शकतो. रस्त्यावर ट्रॉली उलटली असेल तर मोटार अपघात दावाही करता येतो, पण दोहोंपैकी एकच, आणि तिथं मुदत सहाच महिने. घरात कुणाच्या नावाने सातबारा असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचा अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे वेगळा द्या.

वकील. "एवढे टक्के माझे" म्हणणाऱ्याकडून उठून या. निकालावर किंवा मिळणाऱ्या रकमेत हिस्सा ठरवून फी घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. दवाखान्याबाहेरच्या पानठेल्यावर केस गोळा करणारे एजंट याच टक्क्यावर जगतात. फी लिहून घ्या, वकीलपत्र वाचून घ्या. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा मोफत कायदेशीर मदतीच्या १५१०० ला फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

रक्कम मजुराच्या स्वतःच्याच खात्यात यायला हवी, म्हणून दावा टाकतानाच बँकेत एक फेरी मारा. उजवा अंगठाच गेला असेल तर तिथला जुना ठसा आता निरुपयोगी आहे. डाव्याचा देऊन या, आधारलाही बोटांचे ठसे नव्याने नोंदवा.