वृद्धाश्रमातील गरम चहा : भाजू नये म्हणून घ्यायची काळजी

पावसाळ्यात बेळगाव जिल्ह्यातील खानापूर, जांबोटी भागात दिवसचे दिवस ऊन दिसत नाही आणि वृद्धाश्रमातील मंडळींना चहा, कषाय (मसाल्यांचा काढा) किंवा दूध कढतच हवे असते. तो आग्रह रास्तच आहे. मात्र पेय निववायचे ते स्वयंपाकघरात, आजी-आजोबांच्या हाती दिल्यावर नव्हे. ६० अंश सेल्सियसच्या द्रवाने प्रौढ माणसाची त्वचा साधारण ५ सेकंदांत खोलवर भाजते, तर ५५ अंशांना त्यासाठी सुमारे अर्धे मिनिट लागते. उतारवयात कातडी पातळ झालेली असते व अंग चटकन मागे घेता येत नाही, त्यामुळे तेवढाही अवधी मिळत नाही.

थर्मासमधला चहा तासाभरानंतरही भाजण्याइतका गरम राहतो. म्हणून तो आधी उघड्या पातेल्यात ओतून ढवळावा, स्वयंपाकाच्या थर्मामीटरने तपासावा आणि ५५ अंशांच्या खाली आल्यावरच वाटावा. बोटाच्या अंदाजावर विसंबू नये, कारण चुलीपाशी राबणाऱ्यांचे हात तापलेल्या भांड्यांना सरावलेले असतात.

स्टीलचा पेला बाहेरूनही तापतो आणि हातातून निसटतो. त्याऐवजी रुंद बुडाचा, कान असलेला मग द्यावा व तो काठोकाठ भरू नये. बशीत ओतून पिण्याची सवय मोडण्याचे कारण नाही, पण कंपवात असणाऱ्यांच्या बाबतीत बशी टेबलावर ठेवून सेविकेनेच चहा ओतावा. अंथरुणात आडवे असताना किंवा चाकाची खुर्ची ढकलली जात असताना कोणाच्याही हाती गरम पेय देऊ नये. देताना ते गरम असल्याचे, मराठी किंवा कन्नड, ज्यांना जी भाषा समजते तीत सांगावे.

सांडलेच, तर लोकरीचा स्वेटर किंवा शाल चहा शोषून तो कातडीला धरून ठेवते. म्हणून कपडा, बांगड्या व अंगठी लगेच काढावी, मात्र त्वचेला चिकटलेला कपडा ओढू नये. भाजलेल्या जागेवर नळाचे वाहते गार पाणी २० मिनिटे सोडावे आणि उरलेले अंग पांघरुणात ठेवावे, नाहीतर थंडीने वृद्धांना हुडहुडी भरते. बर्फ, हळद, तूप, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये. फोड आले, किंवा चेहरा, हात वा जांघ भाजली, तर जखम स्वच्छ कापडाने सैल झाकून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मधुमेहींच्या बाबतीत दुखत नसले तरी डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावे, कारण त्यांच्या पायांची संवेदना अनेकदा आधीच मंदावलेली असते.