इंग्रज कारागीर पूर्वजाचा माग कसा काढाल

माझ्या नवऱ्याचे खापरपणजोबा इंग्लंडमधल्या वॉल्सॉल गावाहून अमेरिकेत आलेले, खोगीर बनवणारे कारागीर. शोध अमेरिकेतूनच सुरू करा. माणूस तोवर हयात असेल तर १९०० च्या जनगणनेत देशात आल्याचं साल मिळतं. १८९० ची बहुतेक पानं आगीनंतर गेली, तिथे वेळ घालवू नका. मग इंग्लंड. जन्माची सरकारी नोंद जुलै १८३७ पासून, त्याआधी चर्चमधली बाप्तिस्म्याची वही. १८५१ च्या जनगणनेत जन्मगाव सापडतं.

एकाच नावाचे दोघं निघाले तर धंदा ताडून पाहा. लग्नाच्या दाखल्यात वडिलांचाही धंदा असतो. आमच्या दाखल्यावर नवऱ्यामुलाच्या सहीच्या जागी फुली होती. त्या फुलीवरून मी कितीतरी वेळ बोट फिरवत बसले.