हेडलाइट एलईडी की हॅलोजन? कोकणात रात्री गाडी चालवताना या चुका टाळा

गणपती तोंडावर आले की ॲक्सेसरीजच्या दुकानांत एकच मागणी सुरू होते: "पिवळे बल्ब काढा, पांढरे एलईडी टाका." रात्री निघायचं, पहाटे गाव गाठायचं, वाटेत घाट आणि पावसाच्या सरी, त्यामुळे उजेड हवाच. प्रश्न आहे तो उजेड पडतो कुठे याचा. माझं मत आधीच सांगून टाकतो. कंपनीने मुळातच एलईडी हेडलाइट दिलेली गाडी असेल तर उत्तम, तिला हात लावू नका. हॅलोजनची गाडी असेल तर आधी हॅलोजन धड करून घ्या. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

एलईडी बल्ब म्हणजे एलईडी हेडलाइट नव्हे

सगळ्यात मोठी चूक ही. कंपनीच्या एलईडी हेडलाइटमध्ये चिप, भिंग, उष्णता बाहेर टाकणारा भाग हे सगळं एकमेकांसाठी बनवलेलं असतं. बाजारातला एलईडी बल्ब मात्र हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये, म्हणजे बल्बामागच्या चकचकीत वाडग्यात, घुसवला जातो.

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत एच४ बल्ब असतो. युरोपात १९७१ च्या सुमारास आलेली ही रचना अजून टिकून आहे, कारण ती हुशार आहे. एकाच काचेत दोन तारा असतात, ६० वॅटची अपरसाठी (लांबचा झोत) आणि ५५ वॅटची डिपरसाठी (खाली वाकवलेला झोत). डिपरच्या तारेखाली पत्र्याची छोटी वाटी असते. ती खालच्या बाजूला जाणारा प्रकाश अडवते, म्हणून तो रिफ्लेक्टरवर आपटून वर, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. रिफ्लेक्टरचा प्रत्येक बाक त्या तारेची जागा धरून काढलेला असतो. तार एखादा मिलिमीटर पुढेमागे झाली तरी प्रकाशाचा नकाशा बिघडतो. एलईडी बल्बात तारेच्या जागी पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या चिप असतात. जाडी वेगळी, प्रकाश फेकण्याची दिशाही वेगळी. मग डिपरवरसुद्धा प्रकाश वर उडतो, झाडांच्या शेंड्यांवर पडतो, आणि समोरून येणारा ट्रकवाला शिव्या घालत अपर मारतो. त्यापुढचे काही क्षण तुम्ही दोघेही आंधळे.

मालकाला मात्र वाटतं, काम झकास झालं. कारण बोनेटसमोरची दहा-पंधरा मीटर जागा लखलखीत दिसते. गोम इथेच आहे. जवळचा भाग फार उजळला की डोळ्याची बाहुली आकसते आणि त्यापलीकडचा रस्ता आधीपेक्षा काळा दिसतो. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथेच संपले. पुढे ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी तीस-पस्तीस मीटर सहज लागतात. म्हणजे तुम्हाला साठ मीटरवरचं दिसायला हवं. रस्त्यात बसलेल्या म्हशी पंधरा मीटरवर कितीही स्वच्छ दिसल्या तरी उपयोग शून्य.

खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका. चांगली एलईडी एका वॅटला साधारण १०० ते १५० लुमेन (उजेड मोजायचं एकक) देते. मग ३० वॅटच्या बल्बावर "२०,००० लुमेन" लिहिलेलं असेल तर गुणाकार तुम्हीच करा. तुलनेसाठी, प्रमाणित एच४ डिपरवर सुमारे १००० आणि अपरवर १६५० लुमेन देतो. नीट लावलेल्या गाडीत तेवढ्यावर आजवर लाखो लोक घाट उतरले आहेत.

हॅलोजन प्रोजेक्टर (पुढे गोल भिंग असलेला हेडलाइट) असलेल्या गाडीत एलईडी बल्बची गडबड थोडी कमी होते, कारण आतला पत्रा प्रकाशाची वरची रेघ कापून देतो. तरी लांबवर पोहोचणारा प्रकाश घटू शकतोच. जर्मनीसारख्या काटेकोर देशात २०२० मध्ये ओसराम या बल्ब कंपनीच्या एच७ प्रकारच्या एलईडी बल्बला रस्त्यावर वापरायची मंजुरी मिळाली, तीसुद्धा ठरावीक गाड्यांच्या ठरावीक हेडलाइटपुरती. यावरून "कुठल्याही गाडीला बसतो, दादा" या वाक्याची किंमत करा.

हॅलोजन मंद पडला की बल्बालाच दोष देणे

आता खरा मुद्दा, आणि किनाऱ्यावरच्या गाड्यांना सगळ्यात जास्त लागू होणारा. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजवर फार नाजूकपणे अवलंबून असतो. व्होल्टेज दहा टक्के कमी झालं की उजेड दहा नव्हे, जवळपास तीस टक्के घटतो. आणि मालवण, हर्णे, जयगड अशा ठिकाणी वर्षभर खारा वारा खाणाऱ्या गाडीत ते दहा टक्के कुठे जातात? कनेक्टरमध्ये आणि अर्थिंगमध्ये, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीत.

तपासायला मल्टिमीटर पुरतो. इंजिन चालू ठेवा, डिपर लावा, आणि बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज बघा. सुदृढ गाडीत साधारण १३.८ ते १४.४ येतं. मग हेडलाइटमागचं रबरी बूच काढून, बल्ब पेटलेला असतानाच होल्डरच्या पिनांवर तेच मोजा. अर्ध्या व्होल्टाचा फरक असेल तर ठीक. तिथे १२ किंवा त्याहून कमी दिसलं तर चोर सापडला. होल्डर ओढून बघा. पिनेवर हिरवट भुकटी बसलेली असते, प्लॅस्टिक एका कोपऱ्यात तपकिरी होऊन वाकलेलं असतं. होल्डर बदला, पिना साफ करा, बॉडीला जिथे अर्थिंगचा बोल्ट आहे तो काढून गंज खरवडा आणि परत घट्ट बसवून वर थोडं ग्रीस लावा. स्विचमधूनच सगळा करंट जाणारी जुनी गाडी असेल तर चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारी डबी) आणि जाड वायर टाकून घ्या, फ्यूजसकट. खर्च एलईडीच्या जोडीपेक्षा कमी येतो, आणि त्याच जुन्या बल्बाचा उजेड बघून लोक विचारतात, बल्ब कुठला टाकलास?

दुसरा चोर म्हणजे हेडलाइटची काच, जी हल्ली काच नसून पॉलिकार्बोनेट असते. उन्हाने ती पिवळी आणि दुधी होते. मग आत एलईडी टाका नाहीतर सूर्य आणून ठेवा, प्रकाश विखुरणारच. बारीक पॉलिश पेपरने ८००, १५००, २००० अशा चढत्या क्रमाने पाणी लावून घासायचं, मग पॉलिश करायचं. टूथपेस्टचा व्हिडिओ बघून घासलेली काच थोड्याच दिवसांत परत पिवळी होते, कारण वरचा अतिनील किरणांपासून वाचवणारा थर परत दिलेलाच नसतो. तो लेप देणाऱ्याकडूनच काम करून घ्या.

१००/९० वॅटचा बल्ब टाकणे

थोडक्यात सांगतो: नको. मूळ वायर आणि होल्डर ६०/५५ साठी आहेत. जास्तीच्या करंटने होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरची चंदेरी झिलई करपते, आणि एकदा ती गेली की पूर्ण हेडलाइट बदलावा लागतो.

पांढरा म्हणजे चांगला हा समज

प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. हॅलोजनचा रंग साधारण ३२०० केल्विन, म्हणजे पिवळसर. बाजारातले एलईडी ६००० ते ६५०० केल्विनचे, निळसर पांढरे. कोरड्या हायवेवर, लेनचे पट्टे आणि रेडियमचे फलक असतील तिथे पांढरा प्रकाश सुरेख वाटतो. तिथून आत वळा. राजापूर-लांज्याकडचे आतले रस्ते, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे (दगडी कुंपणं), कडेला लाल माती. लाल वस्तू परत फेकते तो लाल-पिवळा प्रकाश, आणि तोच हॅलोजनमध्ये भरपूर असतो. निळसर उजेडात मातीची कड आणि गडगा दोन्ही मळकट तपकिरी दिसतात, रस्ता कुठे संपतो ते कळायला जरा उशीर होतो. एलईडीच घ्यायची असेल तर ४३०० ते ५००० केल्विनच्या आसपासची बघा.

पावसात तर दोघांचीही पंचाईत होते. ओला डांबरी रस्ता प्रकाश परत तुमच्याकडे न पाठवता पुढे सरकवून देतो, म्हणून "लाइट चालू आहे की नाही?" असं वाटतं. बल्बाचा दोष नसतो, वेग कमी करणे एवढाच इलाज. समोरचा जास्त झोंबत असेल तर आधी स्वतःची पुढची काच बघा. समुद्राकडच्या गाडीवर खाऱ्या हवेचा चिकट थर बसतो, आतून धुरकट थर असतो, वायपरचं रबर कडक झालेलं असतं. प्रत्येक येणारा दिवा त्यावर फुटतो. काच आतून-बाहेरून स्वच्छ पुसून, रबर बदलून मग रात्रीचा निघा.

आंबोलीचं धुकं ही वेगळीच गोष्ट. तिथे अपर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण धुक्याचे थेंब प्रकाश उलट तुमच्याच डोळ्यांत पाठवतात. डिपर आणि फॉग लॅम्प, बस्स. फॉग लॅम्प उपयोगी पडतो तो मुख्यतः खाली बसवलेला असतो आणि पसरट, कापलेला झोत टाकतो म्हणून. पिवळा रंग धुकं "फाडतो" हे खरं नाही, धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की ते सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात. पिवळ्यात निळा भाग कमी असल्याने डोळ्यांना त्रास कमी होतो, एवढा फायदा जरूर आहे. टपावर लावलेला एलईडी बार मात्र धुक्यात आणि गाववाल्यांच्या नजरेत सारखाच नकोसा.

फोकस न लावणे, आणि डिकी भरल्यावर विसरणे

बल्ब कुठलाही असो, बदलल्यावर फोकस तपासायचाच. सपाट जागी, शाळेच्या भिंतीसमोर दहा मीटरवर गाडी उभी करा. टायरमध्ये बरोबर हवा, चालकाच्या जागी कुणीतरी बसलेलं. जमिनीपासून हेडलाइटच्या मध्यापर्यंतची उंची मोजून भिंतीवर खडूने रेघ मारा. बऱ्याच गाड्यांच्या हेडलाइटजवळ १% किंवा त्याच्या आसपासचा आकडा छापलेला असतो. १% म्हणजे दहा मीटरवर दहा सेंटिमीटर. तेव्हा डिपरची वरची कड खडूच्या रेघेखाली साधारण तेवढी हवी, आणि डावीकडे ती किंचित वर चढलेली हवी. डावीकडेच, कारण आपण डाव्या बाजूने चालवतो. ही चढण उजवीकडे दिसली तर परदेशातल्या उजव्या वाहतुकीचा दिवा तुमच्या गळ्यात मारला आहे. आणि एलईडी बल्ब टाकल्यावर भिंतीवर कडच दिसत नसेल, नुसता उजेडाचा ढग असेल, तर फोकसचा स्क्रू कितीही फिरवा, ते जमणार नाही. बल्ब काढा आणि परत करा.

परतीच्या प्रवासातली चूक तर ठरलेलीच. मागे तिघं, डिकीत नारळ, तांदळाचं पोतं, कोकमाच्या बाटल्या. गाडी मागे बसते, तोंड वर जातं, आणि नीट लावलेला डिपरसुद्धा समोरच्याला अपर वाटतो. स्टिअरिंगच्या उजवीकडे ०, १, २, ३ आकड्यांची छोटी चकती असते. कित्येकांनी ती गाडी घेतल्यापासून फिरवलेली नसते. आकडा वाढवला की झोत खाली येतो. भरल्या गाडीला २ किंवा ३ करा, रिकामी झाली की परत ०.

आत वाफ धरते तेव्हा

पावसाळ्यात हेडलाइटच्या आत थोडी वाफ दिसणं स्वाभाविक आहे. हॅलोजन बराचसा करंट उष्णतेतच घालवतो, त्यामुळे काही वेळ लाइट चालू ठेवला की ती जाते. एलईडीची उष्णता मागच्या बाजूला निघते, पुढची काच थंड राहते, म्हणून तिथे वाफ रेंगाळते. तळाला पाणी साचलं असेल तर सील गेलंय, ते बदला.

पण कोकणात मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. एलईडी बल्बाच्या मागे पंखा असतो, त्यामुळे रबरी बूच बसत नाही. मग फिटर ब्लेडने बुचाला भोक पाडतो किंवा ते काढून तुमच्या हातात देतो. त्या भोकातून पहिल्याच पावसात पाणी आणि खारी हवा आत. मग रिफ्लेक्टरवर डाग, पंख्यात गंज. पंखा अडकला की चिप तापून मंद होते किंवा लुकलुकायला लागते. एलईडी काही महिन्यांत "कमी झाली" अशी तक्रार असेल तर आधी तो पंखा बोटाने फिरतोय का ते बघा. एलईडी लावल्यापासून रेडिओवर खरखर येत असेल तर दोष बल्बाच्या स्वस्तातल्या ड्रायव्हरचा (बल्बाला करंट पुरवणाऱ्या सर्किटचा), रेडिओचा नव्हे.

जाता-येता होणाऱ्या छोट्या चुका

हॅलोजन बल्बाच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल तिथे तापतं आणि बल्ब लवकर जातो. लागलंच तर स्पिरिटच्या फडक्याने पुसा. एका बाजूचा गेला की दोन्ही बदला, दुसराही त्याच वयाचा असतो. समोरून वाहन आलं की डिपर करा आणि नजर त्याच्या दिव्यांवर नको, रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवा. साठीपुढच्या डोळ्यांना लखलखाटातून सावरायला जास्त वेळ लागतो, तेव्हा बाबा गाडी चालवणार असतील तर रात्रीचा टप्पा दुसऱ्याने घ्यावा.

नवी गाडी घेताना कंपनीची एलईडी मिळत असेल तर घ्या, फक्त एक हिशेब माहीत असू द्या: ती बिघडली की बहुतेक वेळा पूर्ण हेडलाइटच बदलावा लागतो. हॅलोजनवाल्यांचं दुखणं स्वस्त आहे. एच४ चिपळूण, कणकवली, सावंतवाडी कुठेही मिळतो, मात्र रात्री दोन वाजता दुकान उघडं नसतं. एक सुटा बल्ब त्याच्या खोक्यासकट जवळ ठेवा. आणि तो डिकीत नको, डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. डिकी नारळांखाली गेलेली असते.