दाट म्हणजे जाड नव्हे: पार्लरच्या पहिल्या वर्षी मला भोवलेली चूक

लग्नसराई चालू होती. दादरच्या ज्या पार्लरमध्ये मी नवीन लागले होते, तिथे एक कॉलेजची मुलगी स्ट्रेटनिंगला आली. वेणी मनगटाएवढी. मी तिच्या कार्डावर ‘थिक हेअर’ लिहिलं आणि जाड केसांना देतात तेवढा वेळ धरून क्रीम ठेवलं. मधे एकदाही तपासलं नाही. धुताना केस ओल्या रबरासारखे लागायला लागले. ओढला की लांबायचा, पण परत जागेवर यायचा नाही. कंगवा घातला तशी टोकं तुटून हातात आली. पाच इंच कापावे लागले. ती काही बोलली नाही, नुसती आरशात बघत राहिली. याला सहा वर्षं झाली, पण तो चेहरा मी विसरलेले नाही.

तिची वेणी जाड होती, केस जाड नव्हता. केस अगदी तलम होता, फक्त संख्येने भरपूर.

मराठीत आपण दाट आणि जाड हे दोन सहसा एक करत नाही. पीक दाट किंवा विरळ असतं, दोरा जाड किंवा बारीक असतो. पार्लरमध्ये शिरलो की मात्र ‘थिक’ आणि ‘थिन’ म्हणायला लागतो आणि दोन वेगळ्या गोष्टी एका शब्दात कोंबतो. क्लायंट ‘केस पातळ झालेत’ म्हणतात तेव्हाही नीट विचारा, कारण बहुतेकींना विरळ म्हणायचं असतं. पार्लरच्या भाषेत एकेका केसाची जाडी म्हणजे ‘टेक्स्चर’, पण काही जण त्याचा अर्थ कुरळे की सरळ असाही धरतात. तो तिसराच मुद्दा.

वेणी का फसवते, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून इथे सविस्तर लिहिते. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात, कुणाचे कमी, कुणाचे जास्त. तलम केस ५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास, जाड केस १०० च्या आसपास धरा. जाडी दुप्पट झाली की एका केसाने व्यापलेली जागा चौपट होते. म्हणजे जाड केसांच्या वेणीएवढी वेणी तलम केसांची हवी असेल, तर चौपट केस लागतात. हातात आलेली वेणी सारखीच दिसते. तिच्यावरून केस जाड आहे की नुसता दाट, हे कळूच शकत नाही. पोनीटेल मुठीत धरून अंदाज सांगणारे रील्स बघून शिकू नका. मीही तेच बघून गेले होते.

कामात फरक कुठे पडतो? केस किती दाट आहेत, यावर क्रीम किंवा कलर किती कालवायचा, सेक्शन, म्हणजे कामासाठी केसांचे पाडलेले भाग, किती पातळ घ्यायचे आणि क्लायंटला किती तास सांगायचे, हे ठरतं. केस किती जाड आहे, यावर क्रीम कोणत्या स्ट्रेंथचं आणि ते किती वेळ ठेवायचं, हे ठरतं. स्ट्रेटनिंगचं क्रीम केसाला आकार आणि ताकद देणारे डायसल्फाइड बंध तोडतं आणि त्यानंतर लावायचा न्यूट्रलायझर ते नव्या आकारात जोडतो. तलम केसात क्रीम आतपर्यंत लवकर पोचतं. वेळ गेली की जोडायला काही उरतच नाही. त्या मुलीला क्रीम जास्त लागणार होतं, वेळ मात्र कमी. मी दोन्ही वाढवलं.

उलटंही होतं. एका काकूंचे केस विरळ पण तारेसारखे होते. भांगात टाळू दिसते म्हणून मी कलर लवकर धुतला आणि पांढरे केस तसेच राहिले. ते निदान दुसऱ्या दिवशी सुधारता आलं.

तपासताना आधी केस धुऊन वाळवून घ्या. खोबरेल तेल असेल तर केस चिकटतात आणि दाट डोकंही विरळ वाटतं. मुंबईच्या पावसाळ्यात दमट हवेने केस फुलतात, तेव्हा बरोबर उलटा गोंधळ. मग भांग न पाडता टाळू किती दिसते ते बघा, पुढे, कानाशी, माथ्यावर आणि मानेवर वेगवेगळं. कानशिलापाशी केस बहुतेकांचे विरळच असतात, त्यावरून अख्खं डोकं ठरवू नका. जाडीसाठी याच जागांवरचा एकेक केस घेऊन अंगठा आणि तर्जनीत फिरवा. तलम केस बोटांना जेमतेम लागतो, जाड केस स्पष्ट लागतो. शिवणाच्या दोऱ्याशी तुलना करा असं सांगतात, ते सोडून द्या. साधा दोरा बहुतेक सगळ्या केसांपेक्षा जाड असतो, त्यामुळे प्रत्येक केस तलमच ठरेल. आणि केमिकलच्या आधी मानेजवळच्या एका बटेवर स्ट्रँड टेस्ट, म्हणजे तेवढ्याच केसांवर ते लावून बघणं. घाई असो, शिकवणारी सिनियर ताई ओरडो, टेस्ट सोडायची नाही.

सुरुवातीला तुम्हाला महिनोन्महिने फक्त हेअर वॉशला उभं करतील. कंटाळू नका. माझ्या मते तेच खरं शिक्षण आहे, दिवसाला दहा-बारा डोकी बोटांखालून जातात. जी ताई वॉशच्या वेळी ‘हा केस कसा लागतोय, सांग’ असं विचारते, तिला सोडू नका. नुसतं मागे उभं राहून बघायला लावणाऱ्या ताईकडे मी वर्ष घालवलं, हाताला काहीच आलं नाही.

कुणी डेंग्यू किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठभर केस जातात म्हणून आली, तर हेअर स्पा विकू नका, त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवा. दिवसाला ५० ते १०० केस गळणं मात्र नेहमीचं आहे, तेवढा धीर तुम्ही देऊ शकता.

माझ्या कार्डावर आता दोन रकाने आहेत: ‘दाट, मध्यम, विरळ’ आणि ‘जाड, मध्यम, तलम’. हात बसायला मला चारेक महिने लागले. डोंबिवली लोकलच्या लेडीज डब्यात समोरच्या बायकांचे भांग बघून दाटपणा ओळखायचा सराव करायचे. जाडीचा सराव घरी, आईचे आणि बहिणीचे कंगव्यातले केस पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवून केला.