घरात बारकी पोरं असताना नाताळ कसा करायचा, आमच्या बेळगावच्या घरातली रीत

पहिलं सांगते ते हे की गव्हाण रिकामी ठेवा. गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, कधीपण मांडा, मरिया, योसेफ, मेंढरं, गाढव सगळी ठेवा, पण बाळ येशूची मूर्ती कापसात गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर, आणि २४ च्या रात्रीपर्यंत ती काढायचीच नाही, पोरांनी कितीही डोकं खाल्लं तरी.

लग्न होऊन बेळगावात आले तेव्हा मला हे नवीनच होतं. माझं माहेर मिरजेकडचं, प्रोटेस्टंट, आमचा नाताळ म्हणजे उपासना, गायन, बारक्या पोरांचं नाटुकलं आणि मंडळीचं जेवण, घरात गोठा वगैरे नसायचा. सासर कॅथलिक. सासूबाई खानापूरकडच्या, मराठी बोलता बोलता मधेच कोकणीत शिरतात, आणि पोरं शाळेतनं कन्नड इंग्लिश दोन्ही घेऊन येतात. आता थोरली ७ ची, धाकटा ४ चा. एवढ्या वर्षांत चुकत चुकत जे जमलं ते लिहिते, ज्याला जे पटेल ते घ्या.

बारक्या पोरांना २५ तारीख म्हणजे काय ते कळतच नाही. त्यांना फक्त "उद्या हाय काय?" एवढं कळतं आणि ते रोज विचारतात. त्यामुळं सगळा सण एका दिवसात कोंबला तर पोरं दमून रडतात आणि आपण चिडतो. आगमनकाळ त्याच्यासाठीच बरा. नाताळच्या आधीचे चार रविवार, पहिला २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या मधे कधीतरी पडतो. एका ताटात हिरवा पाला गोल लावायचा, त्यात चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, गुलाबी तिसऱ्या रविवारची. दर रविवारी जेवणाआधी एक जास्त पेटवायची, म्हणजे किती राहिलं ते पोरांना डोळ्यांनी दिसतं, कॅलेंडर वाचता यायला नको. आमच्याकडं पहिल्या वर्षी कोण पेटवणार कोण फुंकणार ह्यावरनं रडारड झाली, तेव्हापासनं ठरलंय, थोरलीनं आजीचा हात धरून पेटवायची, धाकट्यानं फुंकायची. पाला सुकला की बदला, सुका पाला आणि मेणबत्ती म्हणजे आगीला आमंत्रण.

आता पिंजराचं, म्हणजे भाताच्या सुक्या काडाचं. नोव्हेंबरात आपल्याकडं भाताची सुगी असती, कुणीतरी ओळखीचं गावाकडचं असतंच, त्यांना मूठभर पिंजर मागायचं, बासमतीचं मिळालं तर घरभर वास येतो. त्याच्या बोटभर काड्या कापून डब्यात ठेवायच्या. रोज रात्री झोपायच्या आधी एक चांगलं काम केलं की एक काडी गव्हाणीत, म्हणजे बाळ येईपर्यंत त्याला मऊ अंथरूण होतं. ऐकायला गोड वाटतं पण ह्यात एक गोची आहे. दुसऱ्याच दिवशी थोरली हिशेब घालायला लागली, "मी आजीला पाणी दिलं, चप्पल पण दिली, दोन काड्या." तिसऱ्या दिवशी तर धाकट्याला मुद्दाम पाडून मग उचललं, काडीसाठी! म्हणून नियम बदलला. स्वतःचं स्वतः सांगायचं नाही, दुसऱ्यानं बघितलेलं दुसऱ्यानं सांगायचं. आता जेवताना पोरं एकमेकांवर आणि आमच्यावर पण नजर ठेवून असतात, "पप्पानी आज भांडी घासली, एक काडी." पप्पाना वर्षभरात एवढं कौतुक मिळत नाही.

गोठ्यासाठी विकतचं थर्माकोलचं काही आणू नका. तुमची पोरं दिवाळीला किल्ला करतात ना? आपल्या बेळगावात गल्लीगल्लीत किल्ले असतात, आमची पोरं शेजारच्या पोरांबरोबर चिखलात बरबटून येतात. त्याच किल्ल्याची माती, दगड, पोतं बाजूला ठेवायचं, डोंगर करायचा हात पोरांना आलेलाच असतो. गोठा पहिल्यांदा संत फ्रान्सिस असिसीकरांनी ग्रेच्चो गावात १२२३ साली मांडला असं म्हणतात, तो तर खरा बैल आणि गाढव उभं करून, म्हणजे मूळ कल्पनाच गावातल्या माणसांना डोळ्यांनी दाखवायची होती. मग आपल्या गोठ्यात आपलं गाव दिसलं तर काय बिघडलं. गेल्या वर्षी धाकट्यानं किल्ल्यावरचे चार मातीचे मावळे आणून गोठ्याच्या दारात उभे केले, भाला बिला घेऊन. सासूबाईंना आवडलं नाही, म्हणाल्या हे काय, मेंढपाळ ठेव. तर म्हणतो, "तो वाईट राजा बाळाला मारायला येणार हाय न्हवं, मग पहारा नको?" हेरोदाची गोष्ट मीच सांगितली होती आदल्या रविवारी. मावळे राहिले.

हिरवळ पाहिजे असेल तर नवरात्रात घटाला पेरतात तसंच, पसरट परडीत किंवा जुन्या ताटात माती घालून गहू नाहीतर नाचणी पेरायची. सासूबाई नाचणीच पेरतात, ती नाजूक दिसते पण थंडीत सावकाश उगवते, म्हणून १०-१२ तारखेलाच पेरा. गहू रात्रभर भिजवून १५ ला पेरला तरी नाताळपर्यंत चांगला उंच होतो. पाणी घालायचं काम पोरांचं, पण वाटीनं नाही, शिंपडायच्या बाटलीनं, वाटी दिली की तळं होतं आणि सगळं कुजतं, अनुभव आहे.

चांदणी घरीच करायची असेल तर एक रविवार जातो पण मजा येते. बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्या, पाच-पाचच्या दोन चांदण्या बांधा, दोन्ही एकावर एक ठेवून फक्त टोकं दोऱ्यानं आवळा, मग आतल्या बाजूला जिथं कामट्या एकमेकीवरनं जातात त्या पाच ठिकाणी चार बोटं लांबीच्या बारक्या कामट्या अडकवून मधला भाग फुगवा. हे मोठ्यांचं काम, कामटीची कुसळं हातात जातात. पोरांना पतंगाचा कागद आणि मैद्याची खळ द्या, चिकटवू देत, सुरकुत्या पडतील, पडू देत. आत एलईडीचा बारका बल्बच लावा, जुना तापणारा बल्ब लावला तर कागद पेटेल.

आता फराळ. सगळं घरी करायचा हट्ट सोडा. केक बेकरीतनं आणा, दोदोल, म्हणजे नारळाच्या दुधाचा गोड पदार्थ, गोव्याकडनं कुणी आणला तर आणला. पण कुलकुलं मात्र घरीच, कारण हा एकच पदार्थ असा आहे की त्याचं खरं काम पोरंच करू शकतात. अर्धा किलो मैदा, चार चमचे गरम तुपाचं मोहन, अर्धी वाटी पिठीसाखर, चिमूटभर मीठ, आणि नारळाचं दूध लागेल तसं घालून पुरीच्या कणकेपेक्षा जरा मऊ मळायचं, ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवायचं. साखर जास्त झाली तर तेलात लगेच काळी पडतात आणि विरघळतात, म्हणून गोड कमी वाटलं तरी थांबा, नंतर वरनं पाक देता येतो. मग बोरापेक्षा बारकी गोळी, काट्याच्या पाठीवर अंगठ्यानं चपटी दाबायची आणि टोकाकडनं गुंडाळत आणायची, शिंपल्यासारखी होते. शेवटची कड नीट दाबून चिकटवा, नाहीतर तेलात उलगडतात. काट्याऐवजी नवा कंगवा पण चालतो, नवा म्हणजे नवाच, एकदा थोरलीनं आरशापुढचा आणला होता आणि मला कळलं तोपर्यंत अर्धं ताट भरलेलं, सगळं फेकलं. चार वर्षाच्या पोराचं कुलकुल वाकडंतिकडंच होतं, वेगळं तळा आणि त्यालाच द्या, त्याला ते बरोबर ओळखू येतं. तळताना पोरं स्वयंपाकघराबाहेर. ह्यात सूट नाही.

अंडं मी मुद्दाम घालत नाही, आमच्या शेजारी लिंगायत आहेत, समोर जैन, त्यांच्याकडं ताट जायचं असतं. दिवाळीला त्यांच्या करंज्या, चकल्या आलेल्या असतात, नाताळला आमच्या नेवऱ्या जातात, नेवरी म्हणजे शेवटी करंजीच की. ताटात कुलकुलं, नेवऱ्या, चण्याच्या डाळीचा दोस म्हणजे वडी, आणि आपला बेळगावचा दुधाचा कुंदा. केक असेल तर बिनअंड्याचाच, नाहीतर ठेवूच नका, उगीच त्यांना अवघड नको. ताट पोरांच्या हातात द्या आणि शिकवा, "अज्जी, हब्ब आमचा, हे घ्या." हब्ब म्हणजे कन्नडात सण. शेजारच्या अज्जींना धाकट्याचं हे मराठी-कन्नड ऐकून एवढं हसू येतं की ताट परत येताना त्यात काहीतरी असतंच.

सांताचं थोडक्यात. तीन वर्षाच्या आतल्या पोराला मुखवटेवाल्या सांताच्या मांडीवर बसवू नका, फोटो मिळत नाही नुसती किंकाळी मिळते. आम्ही ६ डिसेंबरला, संत निकोलसच्या दिवशी, चपलेत एक संत्रं आणि दोन चॉकलेट ठेवतो, आणि तो खरा बिशप होता, मायरा गावचा, गरिबांना गुपचूप द्यायचा एवढं सांगतो. नाताळला एकाला एकच भेट. मामा, काका, आत्या सगळ्यांनी आणलं तर बाकीच्या लपवून ठेवा, फेब्रुवारीत काढा, पोरांना कळत पण नाही.

२४ च्या रात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, हा मोठा प्रश्न. पोर्तुगीजात तिला कोंबड्याची मिस्सा म्हणतात, आणि खरंच कोंबडा आरवायच्या वेळेपर्यंत जागायला मोठ्यांना मजा येते, पोरांना नाही. एक वर्ष आम्ही दोघांना घेऊन कॅम्पात, बेळगावच्या छावणी भागात, गेलो, बाहेर मांडवात बसलो, डिसेंबरातली आपल्याकडची थंडी तुम्हाला माहीत आहे, थोरली गायन सुरू व्हायच्या आधीच झोपली, धाकटा "घरी जाऊया" करत राहिला, शेवटी मी अर्ध्यातनं रिक्षानं परत. आता आमचं ठरलंय, संध्याकाळी लवकरची मिस्सा असेल तर ती, नाहीतर २५ ला सकाळी, आणि मोठ्यांपैकी एकजण रात्री जातो. रात्री जायचंच असेल तर दुपारी झोपवा, कानटोपी, शाल, दुधाचा थर्मास, आणि जागा दाराजवळची.

पण झोपायच्या आधी घरात बाळ मात्र ठेवायचं. दिवे घालवायचे, चार मेणबत्त्या आणि चांदणी एवढंच, सासूबाई कपाटातनं मूर्ती काढतात, कापूस सोडतात, आणि घरातलं सगळ्यात बारकं पोर दोन्ही हातात धरून गोठ्यापर्यंत नेतं. मातीची मूर्ती आहे, एका हाताचं बोट मोडलेलं, सासूबाईंच्या आईकडची. आम्ही श्वास रोखून बघत बसतो, पडेल की काय. अजून पडली नाही.

२५, २६ ला संध्याकाळी पोरांना फिरवा, फातिमा कॅथेड्रलचा गोठा, कॅम्पातली सजवलेली घरं.

३१ ला ओल्ड मॅन, म्हणजे सरत्या वर्षाचा जाळायचा पुतळा. बेळगावात हे सगळ्या जातीधर्माची पोरं करतात, कॅम्पात रस्त्याकडेला तयार पण विकायला असतात. घरी करायचा तर जुनी पॅन्ट शर्ट, आत उरलेलं पिंजर आणि कागद, प्लॅस्टिक काही नको, फटाके तर अजिबात नको. पोरं त्याच्या खिशात वर्षभरातल्या चुकांची चिठ्ठी घालतात, मावशीला उलट बोलले वगैरे. आम्ही १२ वाजेपर्यंत थांबत नाही, ८ वाजता मोकळ्या जागेत, पाण्याच्या दोन बादल्या ठेवून जाळतो. एक सांभाळा, कपडे कुणाचे आहेत ते बघा. गेल्या वर्षी मी न बघता वारलेल्या आजोबांचा चौकड्याचा शर्ट घातला होता, पेटवायला गेलो आणि थोरली ओरडली, "आजोबांचा शर्ट हाय तो!" मग काय, भर रस्त्यात ओल्ड मॅनचा शर्ट काढला, उघड्या अंगाचाच पेटवला, गल्लीतली पोरं हसून हसून खाली.

एवढ्यावर गोठा मोडू नका, तीन राजे अजून यायचेत. त्यांचा सण ६ जानेवारीचा, चर्चमधे जवळच्या रविवारी करतात. त्यांना २५ ला लगेच गोठ्याशी न ठेवता घराच्या दुसऱ्या टोकाला, आमच्याकडं फ्रिजवर, ठेवायचं आणि पोरांनी रोज थोडं पुढं सरकवायचं, फ्रिजवरनं टीव्ही, टीव्हीवरनं खिडकी. धाकट्यानं मधे एका उंटाला चपलांच्या स्टँडवर मुक्कामाला ठेवलं होतं दोन दिवस.

मग आवराआवर. चांदणी गादीखाली, नाचणी शेजारच्या म्हशीला, गव्हाणीतलं पिंजर पण तिलाच. मावळे दिवाळीच्या डब्यात. तीनच सापडले, चौथा बाळ येशूबरोबर कापसात गुंडाळलेला निघाला, कपाटाच्या वरच्या फळीवर.