शिरेआधी भिंत बघा

सिन्नरजवळच्या आमच्या शेतातली विहीर खोल केली तेव्हा मी दहावीत होतो. सुरुंगाने फुटून वर आलेल्या एका दगडात गव्हाच्या पेंढीसारखा गुलाबीसर गुच्छ दिसला. मी छिन्नीने तेवढा गुच्छ सोडवून घेतला, दगड फेकून दिला. ती हळहळ अजून आहे, कारण निम्मी माहिती त्या दगडातच होती.

म्हणून शीर, म्हणजे खडकाच्या भेगेत भरलेली खनिजांची पट्टी, नेहमी भिंतीसकट उचला; भिंत म्हणजे शिरेला लागून असलेला खडक. मालकाला विचारून विहिरीवरचा ढिगारा बघा, विहिरीत उतरू नका. काळ्या पाषाणापेक्षा मांजऱ्या, म्हणजे पोकळ्यांनी भरलेल्या, खडकात जास्त सापडतं.

घरी आल्यावर दगड बादलीत बुडवून काढा. ओल्या दगडावर रंग उठून दिसतात. शिरेपासून लांबचा बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, काळा आणि घट्ट. शिरेकडे येताना तो हिरवट, ठिसूळ होतो, सुरीने खरवडला जातो. तोंडाचा गरम वाफारा सोडून हुंगा, मातीचा वास येईल. तिथे खडकाची चिकणमाती झालीय. हा पट्टा किती बोटं रुंद आहे ते वहीत लिहा; पाणी भिंतीत कुठवर मुरलं होतं ते त्यावरून कळतं.

हा बेसाल्ट ज्यापासून झाला तो आपला लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. थरांखाली गाडल्या गेलेल्या खडकात गरम पाणी फिरलं, बेसाल्टमधली नैसर्गिक काच आणि फेल्डस्पार नावाचं खनिज विरघळलं, आणि त्यातलंच कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिका भेगेत येऊन बसलं. शिरेतला माल भिंतीतूनच आलाय!

आता क्रम लावा. भिंतीला चिकटलेलं आधीचं, त्यावर बसलेलं नंतरचं. बहुतेकदा आधी हिरवं सेलॅडोनाइट, मग गारगोटी, मग ह्युलँडाइट आणि पेंढीसारखं स्टिल्बाइट, शेवटी अपोफिलाइट. तुमच्या दगडात क्रम उलटा दिसला तर दगडावर विश्वास ठेवा.

ओळख पटवायला तीन गोष्टी पुरतात. काचेवर ओरखडा उठला तर गारगोटी. चिमूटभर भुकटीवर व्हिनेगर टाकून बुडबुडे आले तर कॅल्साइट. तिसरी माझी आवडती: स्टिल्बाइटचा पूर्ण कोरडा कण परीक्षानळीत टाकून स्पिरिटच्या दिव्यावर धरा. डोळ्यांवर चष्मा हवाच. थोड्या वेळात नळीच्या वरच्या गार काचेवर पाण्याचे थेंब जमतात. ते पाणी खनिजाच्या अणूंच्या जाळीतलं. स्वीडनच्या क्रोनस्टेट या खनिजतज्ज्ञाने 1756 मध्ये अशा खनिजांना 'झिओलाइट', म्हणजे उकळणारा दगड, हे नाव त्यामुळेच दिलं.

आपल्या या शिरांत सोनं नाही. कोलारचं सोनं कितीतरी जुन्या खडकांतल्या गारगोटीच्या शिरांत होतं. पण तिथेही शिरेशेजारचा बदललेला खडक असाच वाचावा लागतो.

नमुन्यावर शाईने विहिरीचं गाव आणि खोली लिहा, मगच फडताळात ठेवा.