इंदूरमधून बीडीएसला प्रवेश: नीटची तयारी, दाखले आणि पसंतीक्रम

बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीसाठी देशात वेगळी प्रवेश परीक्षा नाही. एमबीबीएसला जाणारा आणि बीडीएसला जाणारा विद्यार्थी एकाच दिवशी नीट ही एकच राष्ट्रीय प्रवेश परीक्षा देतो. त्यामुळे आपल्या घरांतून बीडीएसचे नाव बहुधा ‘एमबीबीएस हुकले तर’ एवढ्यापुरतेच निघते, आणि निकालानंतर महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरण्याची वेळ आली की चार दिवसांत घाईने निर्णय घ्यावा लागतो. दंतवैद्यक हवे आहे की नको, हे अकरावीत किंवा निदान बारावीच्या सुरुवातीला ठरवलेले बरे.

ठरवण्याचा मार्ग सोपा आहे. बीडीएस हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर एक वर्षाची सक्तीची इंटर्नशिप, अशी एकूण पाच वर्षे लागतात. पहिल्याच वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र यांच्या जोडीला दातांची रचना शिकवतात व मेणाच्या ठोकळ्यातून एकेक दात मापात कोरून घेतात. हाताचे हे कौशल्य नीटमध्ये अजिबात तपासले जात नाही. ते ज्याचे त्याने पाहायचे असते. बारीक काम तासभर एका जागी बसून करण्याची आवड आहे का, तोंडातील रक्त आणि लाळ पाहून किळस येते का, हे परिचयाच्या दंतवैद्याकडे परवानगी घेऊन दोन-तीन संध्याकाळी बसल्यास कळते. इंदूरकरांना आणखी एक सोय आहे: १९६१ साली सुरू झालेले शासकीय दंत महाविद्यालय याच शहरात आहे आणि दात दाखवायला घरातील कोणाला तेथील बाह्यरुग्ण विभागात न्यायचे असेल, तर विद्यार्थ्याने सोबत जावे. खुर्च्यांभोवती काम करणारे विद्यार्थी पाहिले की माहितीपत्रकापेक्षा जास्त समजते.

आता परीक्षा. २०२५ पासून प्रश्नपत्रिका पुन्हा १८० प्रश्नांची, १८० मिनिटांची आणि ७२० गुणांची झाली आहे; त्याआधीची काही वर्षे असलेले ऐच्छिक प्रश्न आता नाहीत, म्हणून २०२१ ते २०२४ च्या प्रश्नपत्रिका सोडवताना वेळेचे गणित वेगळे आहे हे ध्यानात ठेवावे. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० प्रश्न असतात. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो आणि सोडलेल्या प्रश्नाला काहीच नाही.

निम्मे गुण जीवशास्त्राचे असल्यामुळे एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तके ओळीनुसार, आकृत्या व तक्त्यांसह वाचावी लागतात. येथे दुसरे जाड पुस्तक घेण्यापूर्वी मूळ पुस्तकाची तिसरी उजळणी झाली आहे का, हे स्वतःला विचारावे. रसायनशास्त्रातील असेंद्रिय भागालाही हाच नियम लागू आहे. भौतिकशास्त्र मात्र वाचून येत नाही. रोज थोडी उदाहरणे स्वतः, उत्तर न पाहता आणि वेळ लावून सोडवावीत, कारण जीवशास्त्रात बहुतेक तयार मुलांचे गुण जवळजवळ सारखे येतात आणि क्रमांकातील अंतर पुष्कळदा भौतिकशास्त्रात पडते. सराव परीक्षेत जीवशास्त्र पन्नास मिनिटांच्या आत संपवण्याची सवय लागली, तर उत्तरपत्रिकेतील गोल भरण्यासह उरलेला वेळ इतर दोन विषयांना पुरतो.

अंदाजाने उत्तर द्यावे की नाही, यावर शिकवणीच्या वर्गांत वाद रंगतात. हिशेब मात्र साधा आहे. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडला, तर सरासरी लाभ प्रश्नामागे पाव गुणाचा, म्हणजे जवळजवळ शून्य. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर हीच सरासरी दीड गुणावर जाते. म्हणून काहीच सुचत नसेल तेथे सोडावे आणि निम्मे बाद झाले असतील तेथे उत्तर द्यावे.

परीक्षा साधारणतः मे महिन्यातील पहिल्या रविवारी दुपारी दोन ते पाच या वेळेत असते आणि केंद्राचे दार दीड वाजता बंद होते. सकाळी सहाला ताजेतवाने असताना दिलेल्या सराव परीक्षेतून त्या वेळेचा अंदाज येत नाही. मार्चपासून दर रविवारी दुपारी दोनलाच बसावे, जेवण हलके ठेवावे आणि पंख्याशिवाय लिहिण्याचीही एखाद-दोनदा सवय करावी. ही सूचना अतिरेकी वाटेल, परंतु ४ मे २०२५ रोजी इंदुरात वादळी पावसाने काही केंद्रांवरील वीज गेली होती आणि तो वाद पुढे उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापर्यंत पोहोचला. पुन्हा परीक्षा होईल या आशेवर राहण्यापेक्षा अंधुक उजेडातही प्रश्न सोडवत राहणे शहाणपणाचे आहे.

प्रश्नपत्रिकेच्या भाषेबद्दल इंदूरच्या मराठी घरांत एक गैरसमज आढळतो. नीट मराठीत देता येते हे खरे आहे, पण मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते; इंदूर केंद्र घेतल्यास व्यवहारात निवड इंग्रजी आणि हिंदी यांतून करावी लागते. इंग्रजी निवडणाऱ्यास केवळ इंग्रजी पुस्तिका मिळते, तर हिंदी निवडणाऱ्यास हिंदी व इंग्रजी असे दोन्ही मजकूर मिळतात. दोन्ही मजकुरांत फरक पडल्यास इंग्रजी मजकूर प्रमाण धरतात. म्हणून बारावीपर्यंत ज्या भाषेत अभ्यास झाला तीच निवडावी.

अर्ज भरताना माझ्या मते सर्वांत जास्त त्रास नावाचा होतो. मराठी पद्धतीने आपण स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तीन भाग लिहितो; मध्य प्रदेशातील शाळांच्या कागदांवर वडिलांचे नाव वेगळ्या रकान्यात जाते आणि मुलाचे नाव दोनच भागांचे राहते. मग आधारवर तीन भाग, दहावीच्या गुणपत्रिकेवर दोन, आणि आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग तिसऱ्याच प्रकारचे, अशी अवस्था होते. दहावीची गुणपत्रिका प्रमाण मानून आधार तिच्याशी जुळवून घ्यावे आणि हे काम अर्ज सुरू होण्याच्या कित्येक महिने आधी करावे. छायाचित्र पांढऱ्या पार्श्वभूमीचे, दोन्ही कान दिसणारे असावे. त्याच्या पासपोर्ट व पोस्टकार्ड आकाराच्या पुरेशा प्रती काढून ठेवाव्यात, कारण त्या पुढे प्रवेशापर्यंत लागतात.

पात्रतेच्या अटी थोडक्यात अशा: प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण असावीत आणि बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र मिळून खुल्या गटात ५० टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती व इतर मागासवर्गास ४० टक्के गुण असावेत. नीटमध्ये खुल्या गटाला ५० वे पर्सेंटाइल, म्हणजे परीक्षार्थींपैकी निम्म्यांहून वरचे स्थान, गाठावे लागते, परंतु ती केवळ दाराशी उभे राहण्याची परवानगी आहे. सरकारी जागेसाठी त्याहून खूप वरचा क्रमांक लागतो.

दाखल्यांचा विषय इंदूरच्या मराठी कुटुंबांसाठी जरा खोलात जाऊन पाहावा. मध्य प्रदेशातील शासकीय महाविद्यालयांच्या ८५ टक्के जागा राज्याच्या समुपदेशनातून (जागावाटपाच्या प्रक्रियेतून) भरल्या जातात आणि त्यासाठी येथील मूलनिवासी प्रमाणपत्र लागते, जे लोकसेवा केंद्रातून अर्ज करून काढता येते. राज्याच्या आरक्षणासाठी जातीचा दाखलाही मध्य प्रदेशातील सक्षम अधिकाऱ्याचाच चालतो. आजोबांच्या गावाहून, सोलापूर किंवा साताऱ्याहून आणलेला दाखला येथे उपयोगी पडत नाही. उलट, नातेवाईक पुण्यात आहेत म्हणून महाराष्ट्राच्या राज्य कोट्यात नाव लागेल, ही अपेक्षाही सोडून द्यावी, कारण तेथे सर्वसाधारणपणे अधिवासासोबत दहावी आणि बारावीही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. मुंबई किंवा नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात जायचेच असेल, तर अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागांचा रस्ता मोकळा आहे.

हा अखिल भारतीय कोटा आणि अभिमत (डीम्ड) विद्यापीठे यांचे समुपदेशन दिल्लीची एमसीसी (मेडिकल कौन्सेलिंग कमिटी) करते, तर राज्याचे भोपाळचे वैद्यकीय शिक्षण संचालनालय करते. दोन्हीकडे स्वतंत्र नोंदणी करावी. अखिल भारतीय कोट्यासाठी खुल्या गटाला १,००० रुपये शुल्क आणि १०,००० रुपये अनामत अशी व्यवस्था आहे. अभिमत विद्यापीठांसाठी अनामत २ लाखांची असल्याने तो पर्याय पैशांची तजवीज असेल तरच निवडावा. पहिल्या फेरीत मिळालेली जागा सोडली तर अनामत जात नाही, पुढील फेऱ्यांत ती जाते, आणि शेवटच्या फेरीतील जागा नाकारल्यास पुढच्या वर्षीच्या नीटलाही मुकावे लागू शकते.

पसंतीक्रमाच्या यादीत एमबीबीएस आणि बीडीएस दोन्ही एकत्र येतात. संगणक यादी वरून खाली वाचतो आणि क्रमांकात बसणारी पहिली जागा देऊन थांबतो. त्यामुळे ‘मिळेल की नाही’ या भीतीने खालचे महाविद्यालय वर लिहिण्यात काहीच फायदा नाही. खरी आवड ज्या क्रमाने आहे त्याच क्रमाने लिहावे. राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या खासगी एमबीबीएसपेक्षा इंदूरचे शासकीय बीडीएस हवे असेल, तर ते निःशंकपणे वर लिहावे. खासगी दंत महाविद्यालयांची निवड करताना शुल्क नियामक समितीने ठरवलेले शुल्क पाहावे आणि त्यात वसतिगृह व उपकरणांचा खर्च वेगळा धरावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सकाळी दहाच्या सुमारास प्रत्यक्ष जाऊन रुग्णांची गर्दी किती आहे ते पाहावे. रुग्ण कमी असलेल्या महाविद्यालयात इमारत कितीही चकचकीत असली, तरी दात काढण्याचा आणि भरण्याचा सराव पुरेसा होत नाही.

जागा मिळाल्यावर मूळ कागद नेताना दहावी व बारावीच्या गुणपत्रिका, नीटचे प्रवेशपत्र आणि गुणपत्र, जागावाटपाचे पत्र, मूलनिवासी व जातीचे दाखले आणि वैद्यकीय तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र एकत्र ठेवावे आणि प्रत्येकाच्या किमान चार छायाप्रती काढाव्यात, कारण मूळ प्रती महाविद्यालयात जमा झाल्यावर त्या पुन्हा हातात येण्यास वेळ लागतो. मेण व कोरण्याची हत्यारे मात्र आधी विकत घेऊ नयेत. महाविद्यालय आपली यादी देते, आणि वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून ती बहुधा स्वस्तात मिळतात.